बायो आपण सोडलं, घाटेअळीने नाही!

अकरावीच्या ॲडमिशनचा फॉर्म आठवतोय? फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सवर बिनधास्त टिक केली आणि बायोलॉजीचा रकाना आला की पेन थांबलं. मग घरातला कुणीतरी काका किंवा शेजारचा दादा म्हणाला, "बायो कशाला घेतोस? बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स घे. दोनशे मार्कांचं आहे, पर्सेंटेज उचलतं." झालं! बेडकाची आकृती, फुलाच्या भागांची नावं, लॅटिन स्पेलिंगं, सगळ्यातून एकदाची सुटका. माझीही तशीच झाली. त्या दिवसापासून झाडं, पानं, पिकं हा 'बी ग्रुप'वाल्यांचा आणि ॲग्रीवाल्यांचा प्रांत, आपला नाही, असं मी पक्कं धरून चाललो होतो.

या समजुतीला पहिला धक्का गेल्या जानेवारीत बसला. सेमिस्टर संपवून गावी गेलो होतो. हरभरा घाट्यावर आलेला. सकाळी बाबांबरोबर रानात गेलो तर त्यांनी एक घाटा तोडून माझ्या तळहातावर ठेवला. बरोब्बर मधे गोल भोक, अगदी ड्रिल मारल्यासारखं. शेजारच्या घाट्यात तोंड खुपसून आणि अर्धं अंग बाहेर ठेवून अळी निवांत जेवत होती. अशी एक अळी मोठी होईपर्यंत तीस-चाळीस घाटे फस्त करते. दोन फवारण्या झालेल्या होत्या. तिसरीचा खर्च डोळ्यांसमोर होता. बाबा सहज म्हणाले, "व्हय रे, एवढी मोठी कॉलेजं तुमची, ह्या अळीचं काही शिकवतेत का न्हाई?"

मी म्हणालो, "आमची ब्रँच वेगळी आहे बाबा."

ते काही बोलले नाहीत, पण मला ते उत्तर तेव्हाच पटलं नव्हतं. नंतर सुट्टीभर आणि पुढे सेमिस्टरभर जे वाचत गेलो त्यातून माझं आजचं मत बनलं. ते असं, की आज वनस्पतिशास्त्राचं बरंचसं घोडं मोजमापावर अडलेलं आहे, आणि मोजमाप हे आपलं, म्हणजे इंजिनिअरचं काम आहे. आपणच 'ब्रँच वेगळी' म्हणून अंग काढून घेतलंय. यावर कुणाला वाद घालायचा असेल तर जरूर घाला, पण आधी पूर्ण वाचा.

सुरुवात आपल्या मेसपासून करू. भिंतीवर आठवड्याचा मेनू लावलेला असतो. सोमवार पनीर, मंगळवार मटकी, बुधवार अंडाकरी. तो बोर्ड महिनोन्‌महिने बदलत नाही. पण ताटात काय पडतं ते रोज वेगळं, सकाळी वेगळं, रात्री उशिरा गेलात तर आणखीनच वेगळं! झाडाचंही तसंच आहे. जीन्स, म्हणजे त्याचा जीनोम, हा झाला भिंतीवरचा बोर्ड. प्रोटीन म्हणजे प्रत्यक्ष ताटात पडलेला पदार्थ. हरभऱ्याच्या मुळात, पानात, घाट्यात सगळीकडे बोर्ड एकच, ताट मात्र प्रत्येक ठिकाणचं वेगळं. पाणी तुटलं, थंडी पडली, अळीने पान कुरतडलं, की काही तासांत ताट बदलतं.

बोर्ड वाचण्याचं काम जगाने झपाट्याने केलं. अरेबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या छोट्या झाडाचा जीनोम २००० साली वाचून झाला, भाताचा २००५ मध्ये. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेच्या पुढाकाराने तुरीचा २०११ मध्ये आणि हरभऱ्याचा २०१३ मध्ये जाहीर झाला. म्हणजे आपल्या वरणाचा आणि पिठल्याचा बोर्ड आता कुणालाही फुकट वाचता येतो. ताट वाचणं मात्र फार अवघड आहे.

आणि ताट वाचल्याशिवाय भागत नाही, याचं उदाहरण विदर्भातच आहे. बीटी कापसाला आपल्या देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्यात बोंडअळीला मारणारं क्राय-१-एसी नावाचं प्रोटीन तयार करणारा जीन घातलेला असतो. जीन झाडाच्या प्रत्येक पेशीत असतो. मग प्रत्येक भागात संरक्षण सारखंच मिळायला पाहिजे, नाही का? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्या प्रोटीनचं प्रमाण प्रत्यक्ष मोजलं आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केलं. पानात ते सर्वांत जास्त निघालं. पण बोंडाच्या सालीत आणि फुलाच्या बीजकोशात, म्हणजे अळी नेमकी जिथे हल्ला करते तिथे, ते अपुरं पडत होतं. शिवाय संकरित वाणागणिक वेगळं, आणि झाडाचं वय वाढेल तसं घटत जाणारं. बोर्डावर पनीर लिहिलेलं होतं, ताटात मात्र रस्साच जास्त! ही मोजणी अँटिबॉडीच्या टेस्टने होते. काय शोधायचं ते आधीच ठाऊक असेल तर ती उत्तम. पण ताटात काय-काय आहे हेच माहीत नसेल तेव्हा काय करायचं? तेव्हा लागतो मास स्पेक्ट्रोमीटर.

मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे रेणूंचा वजनकाटा. रेणूला विद्युतभार द्यायचा, निर्वात पोकळीत सोडायचं, विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्रातून पळवायचं आणि तो कसा पळतो त्यावरून त्याचं वजन ठरवायचं. कल्पना जुनी आहे. जे. जे. थॉमसन यांनी १९१२-१३ च्या सुमारास निऑनचे २० आणि २२ वजनाचे दोन प्रकार वेगळे पाहिले. त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या ॲस्टन यांनी १९१९ मध्ये सुधारलेलं यंत्र बनवलं आणि १९२२ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळवलं. पण हे यंत्र कित्येक दशकं प्रोटीनच्या बाबतीत हतबल होतं. कारण साधं आहे. रेणू उडवायला आधी त्याची वाफ करावी लागते. प्रोटीन तापवलं तर त्याची वाफ होत नाही, त्याचं ऑम्लेट होतं.

हे कोडं सोडवणाऱ्या दोघांची गोष्ट आपल्या कॉलेजच्या प्रत्येक मुला-मुलीने वाचावी असं मला मनापासून वाटतं.

पहिले कोइची तानाका. जपानच्या तोहोकु विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलं. जर्मन भाषेचा विषय राहिला म्हणून एक वर्ष जादा गेलं. (केटीवाल्यांनो, ऐकताय ना?) १९८३ मध्ये क्योटोच्या शिमाझु कंपनीत लागले. मास्टर्स नाही, पीएचडी नाही, केमिस्ट्रीची डिग्री तर नाहीच. त्यांच्या टीमला मोठ्या रेणूंवर लेसर मारून ते न मोडता उडवायचे होते. लेसरची उष्णता शोषून घ्यायला ते कोबाल्टची अतिसूक्ष्म भुकटी वापरत. १९८५ च्या फेब्रुवारीत एकदा ही भुकटी ॲसिटोनमध्ये मिसळण्याऐवजी चुकून ग्लिसरीनमध्ये मिसळली गेली. भुकटी महाग होती, फेकायला जीव झाला नाही. म्हणून तोच नमुना यंत्रात घातला, ग्लिसरीन लवकर उडावं म्हणून लेसर मारत राहिले, आणि उगाच स्क्रीनवर नजर ठेवली. व्हिटॅमिन बी-१२ चा न तुटलेला रेणू समोर दिसला! १९८७ पर्यंत ही टीम थेट प्रोटीनपर्यंत पोहोचली. २००२ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, कंपनीतल्या या साध्या इंजिनिअरला केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं, की आज प्रयोगशाळांतून जी 'मालडी' पद्धत सर्रास वापरली जाते ती जर्मनीतल्या कारास आणि हिलेनकॅम्प यांनी विकसित केली, आणि नोबेलमध्ये त्यांचा वाटा राहून गेला अशी हळहळ अनेकांना वाटली. पण लेसरने मोठं प्रोटीन उडवता येतं हे आधी दाखवलं ते तानाकांच्या टीमने.

दुसरे जॉन फेन. हे मूळचे केमिस्ट्रीचेच, पण प्रिन्स्टनला मेकॅनिकल आणि एरोस्पेसच्या विभागात शिकवायचे. आवडीचा विषय सुपरसॉनिक जेट. निर्वात पोकळीत वायूचा झोत सुटला की त्यातले रेणू कसे वागतात, हे त्यांचं खास ज्ञान. त्यांच्याआधी माल्कम डोल यांनी १९६८ मध्ये विद्युतभारित फवाऱ्यातून मोठे रेणू उडवण्याचा प्रयत्न केला होता, आणि ती कल्पना त्यांना मोटारींच्या इलेक्ट्रोस्टॅटिक रंगकामावरून सुचली होती! फेन यांनी ती पुढे नेली. प्रोटीनचं द्रावण बारीक सुईतून हजारो व्होल्टखाली फवारायचं. थेंब उडत जातात, सुकत जातात, आणि शेवटी विद्युतभार घेतलेलं प्रोटीन तेवढं उरतं. येल विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे फेन सत्तरीला आल्यावर १९८७ मध्ये निवृत्त ठरले. प्रोटीनवरचा त्यांचा गाजलेला पेपर आला १९८९ मध्ये! नोबेल मिळालं तेव्हा वय ८५. रेणूंच्या हत्तींना पंख, अशा अर्थाचं शीर्षक त्यांनी आपल्या नोबेल व्याख्यानाला दिलं होतं.

म्हणजे बघा, प्रोटीनच्या वजनकाट्यामागे एक इलेक्ट्रिकलवाला, एक जेटवाला आणि मोटारीचा रंग! यापैकी एकानेही 'हे आपल्या ब्रँचचं नाही' म्हटलं असतं तर?

आता आतलं इंजिनिअरिंग बघू. सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे टाइम ऑफ फ्लाइट. प्रत्येक आयनला २० हजार व्होल्टचा सारखाच धक्का द्यायचा आणि एक मीटर लांबीच्या निर्वात नळीतून पळवायचं. ऊर्जा सगळ्यांना सारखी, म्हणजे अर्धा एम व्ही स्क्वेअर सारखा. म्हणून हलका आधी पोहोचतो, जड नंतर. फर्स्ट इयरचं फिजिक्स. कॅल्क्युलेटर घ्या आणि करून बघा. १००० डाल्टन वजनाचा, एकच विद्युतभार असलेला आयन हे अंतर साधारण १६ मायक्रोसेकंदात कापतो. १००१ डाल्टनचा त्याच्या मागोमाग, अवघे ८ नॅनोसेकंद उशिरा. १२५ मेगाहर्ट्झच्या क्लॉकचा जेमतेम एक टिक! एका हायड्रोजनच्या वजनाचा फरक पकडायचा तर डिटेक्टर, ॲम्प्लिफायर, डिजिटायझर, पॉवर सप्लायची स्थिरता, नळीची तापमानाने होणारी लांबी-रुंदी, सगळंच चोख हवं. यात बायोलॉजीचं एक अक्षर तरी आलं का?

पुढचं काम कॉम्प्युटरवाल्यांचं. आख्खं प्रोटीन वजन करण्यापेक्षा ते आधी ट्रिप्सिन नावाच्या एन्झाइमने कापतात. ट्रिप्सिन शिस्तीचं आहे, लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो ॲसिडनंतरच कापतं. मग तुकड्यांची वजनं घ्यायची, एकेक तुकडा यंत्रातच पुन्हा फोडून त्याच्या तुकड्यांची वजनं घ्यायची, आणि त्यावरून मूळ प्रोटीन ओळखायचं. समजा सबमिशनच्या आदल्या रात्री सगळ्या हॉस्टेलची जर्नलं कुणी टराटरा फाडून एका पोत्यात भरली, आणि तुम्हाला कपट्यांवरून कुठलं जर्नल कुणाचं ते सांगायचंय, तर ते जेवढं अवघड तेवढंच हे. त्यातून सगळ्यांनी एकाचीच कॉपी मारलेली! (झाडातही एकाच कुळातली प्रोटीनं अशीच एकमेकांची कॉपी असतात.) १९९४ मध्ये आलेल्या सीक्वेस्ट या प्रोग्रॅमने ही जुळवाजुळव कॉम्प्युटरवर आणली. तरी अडचणी आहेतच. ल्युसिन आणि आयसोल्युसिन या दोन अमिनो ॲसिडचं वजन तंतोतंत सारखं, साध्या वजनावरून ते वेगळे करताच येत नाहीत. उलट एखाद्या प्रोटीनवर फॉस्फेट चिकटलं की वजन ८० डाल्टनने वाढतं. झाडाला 'पाणी तुटलं' हा निरोप आत पोहोचवायला असेच फॉस्फेटचे स्विच चालू-बंद होतात. जीनोमच्या बोर्डावर हा स्विच दिसत नाही, वजनकाट्यावर दिसतो.

सगळ्यात मोठी अडचण मात्र खास झाडांची आहे. हिरव्या पानात रुबिस्को नावाचं प्रोटीन असतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं. गहू, भात, हरभरा यांसारख्या पिकांच्या पानातल्या विद्राव्य प्रोटीनपैकी निम्म्यापर्यंत हे एकटंच असू शकतं. अळीची चाहूल लागल्यावर झाड जे निरोप्या प्रोटीन बनवतं ते असतं चिमूटभर. रुबिस्कोच्या गर्दीत ते शोधणं म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर उभं राहून मागच्या दोघांची कुजबुज ऐकणं. २०२० मध्ये नेचर या नियतकालिकात अरेबिडॉप्सिसच्या ३० प्रकारच्या ऊतींचा प्रोटीन-नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात १८ हजारांहून अधिक प्रोटीनं आणि फॉस्फेट चिकटण्याच्या ४३ हजारांहून अधिक जागा सापडल्या. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी प्रोटीनमध्ये फरक दहा लाख पटींहून जास्त. हा फरक ॲम्प्लिट्यूडमधला धरला तर १२० डीबी, म्हणजे आदर्श एडीसी घेतला तरी २० बिट. इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्रांनो, ही अडचण कुणाची, वनस्पतिशास्त्राची की आपली?

त्यातून झाडाच्या पेशीला जाड भिंत, पोटात पाण्याची भलीमोठी पिशवी, आणि पान ठेचलं की तुरट फिनॉल बाहेर येऊन प्रोटीन खराब करणार. म्हणून नमुना तयार करण्यातच निम्मं यश असतं. हे काम हातांचं आणि संयमाचं आहे. ज्यांना वाटतं मशिन घेतलं की संशोधन आपोआप होतं, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता घाटेअळीकडे. हरभरा मुकाट्याने मार खात नाही. त्याच्या पानांवरची आंब आपल्याला माहीत आहे, पहाटे फडकं फिरवून गोळा करतात ती. त्या आंबेतली ऑक्झॅलिक आणि मॅलिक ॲसिड हे एक हत्यार. दुसरं हत्यार म्हणजे दाण्यातली 'प्रोटीनेज इनहिबिटर' जातीची प्रोटीनं. ही अळीच्या पोटात जाऊन तिच्या पचनाच्या एन्झाइम्सना पाचर मारतात. खाल्लेलं पचलं नाही की अळी वाढत नाही. मग तरीही ती माजते कशी? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या, म्हणजे एनसीएलमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये याचं उत्तर दिलं. हरभऱ्याच्या इनहिबिटरनाच अळीच्या पोटातली एन्झाइम्स चक्क कापून निकामी करतात! पिढ्यान्‌पिढ्या हरभरा खाऊन अळीला त्या कुलपाची किल्ली सापडलेली आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं, की अळीचं नेहमीचं अन्न नसलेल्या झाडांचे, म्हणजे भुईमूग, बटाटा आणि चौधारी घेवडा यांचे इनहिबिटर जास्त प्रभावी पडतात. कारण ते कुलूप तिने कधी पाहिलेलंच नसतं. त्यानंतर मिरचीच्या झाडातल्या इनहिबिटरवर तिथेच काम झालं, आणि २०१० च्या पेपरात मास स्पेक्ट्रोमीटर वापरून हे इनहिबिटर अळीच्या पोटातल्या एन्झाइम्ससमोर कसे कापले जातात आणि किती टिकतात हे तपासलं. हरभऱ्यावरची घाटेअळी, कापसावरची अमेरिकन बोंडअळी आणि तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी ही एकच बया आहे, फक्त नावं तीन. म्हणजे हा प्रश्न एका पिकाचा नाही.

या संशोधनातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र यंत्राची नाहीच. इनहिबिटर ओळखायची एक युक्ती मराठवाडा विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. एक्स-रे फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, आणि जिलेटिन हे प्रोटीनच. प्रोटीन वेगळी केलेली जेल एन्झाइममध्ये भिजवून त्या फिल्मवर ठेवायची. एन्झाइम जिलेटिन खाऊन टाकतं. जिथे इनहिबिटर असेल तेवढीच जागा शिल्लक राहते. बस्स! फिल्मवर पट्टे उमटतात. एनसीएलच्या घाटेअळीच्या कामातही हीच युक्ती वापरली गेली. कोट्यवधीचं यंत्र नाही म्हणून मराठवाड्यात कुणी हात बांधून बसलं नव्हतं.

इथे वाचक हमखास एक प्रश्न विचारणार, आणि तो रास्त आहे. "हे सगळं ठीक, पण शेतकऱ्याच्या हातात काय पडलं?" खरं सांगायचं तर अजून फारसं नाही. इनहिबिटरचं हत्यार घेतलेलं हरभऱ्याचं बियाणं आज दुकानात मिळत नाही. प्रोटीनच्या लांबलचक याद्या असलेले पेपर जगभर भरपूर निघतात, आणि त्यातले बरेचसे यादीपाशीच थांबतात. यादीतलं कुठलं प्रोटीन खरोखर पिकाला वाचवतं हे ठरवायला पुढे शेतातले कित्येक हंगाम लागतात. अळी कुलपाची नवी किल्ली शोधते ते वेगळंच. म्हणून मास स्पेक्ट्रोमीटर आला की शेतीचे प्रश्न सुटले असं कुणी म्हणत असेल तर ती थाप आहे. कर्ज, हमीभाव, पाऊस यांचं वजन या काट्यावर होत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की फवारणी आंधळेपणाने न करता नेमकी करायची असेल, कमी पाण्यात तग धरणारं वाण निवडायचं असेल, तर झाडाच्या आत काय चाललंय ते मोजावं लागेल. आणि ते मोजण्याची साधनं जितकी स्वस्त, साधी आणि इथे बनलेली असतील तितकं ते काम आपल्या कृषी विद्यापीठांपर्यंत पोहोचेल.

दुसरा आक्षेप खर्चाचा. प्रोटीनसाठीचे मास स्पेक्ट्रोमीटर कोट्यवधी रुपयांचे आणि परदेशी कंपन्यांचे असतात. बिघडलं की इंजिनिअरची वाट बघायची, पार्टची वाट बघायची. पण आपल्याला हे जमतच नाही असं मुळीच नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुकार्यक्रमाच्या गरजेसाठी, युरेनियमसारख्या मूलद्रव्यांचे आयसोटोप मोजणारे मास स्पेक्ट्रोमीटर स्वतः तयार केले. गरज वाटली तेव्हा जमलं! हरभऱ्यासाठी ती गरज कुणाला वाटायची, एवढाच प्रश्न आहे.

आता घरातली गोष्ट. फायनल इयर प्रोजेक्टसाठी आमच्या ग्रुपने मास स्पेक्ट्रोमीटरच्या सिग्नलमधला नॉइज काढून पीक ओळखण्याचा विषय मांडला होता. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विषय छान आहे रे, पण हा आपल्या ब्रँचचा नाही. एक्स्टर्नलने विचारलं तर काय सांगणार?" शेवटी आम्ही ऑटोमॅटिक स्ट्रीट लाइट केला. सलग कितव्या बॅचने केला ते लायब्ररीतले जुने रिपोर्ट मोजून बघा! सरांवर माझा राग नाही. त्यांच्याकडे अनेक ग्रुप, डोक्यावर वेळापत्रक, आणि आमचे मार्क गेले असते तर आम्हीच त्यांना बोललो असतो. दोष माणसाचा नाही, रकान्याचा आहे. अकरावीच्या फॉर्ममधला तोच रकाना, फक्त आता त्याला ब्रँच म्हणतात.

म्हणून तीन साध्या सूचना. पहिली विद्यार्थ्यांसाठी. यंत्र नसलं तरी डेटा फुकट आहे. जगभरच्या प्रयोगशाळा आपला प्रोटीनचा डेटा प्राइड नावाच्या सार्वजनिक भांडारात ठेवतात, आणि मॅक्सक्वांटसारखी सॉफ्टवेअर मोफत मिळतात. रूममधल्या लॅपटॉपवर, रात्री गेम बंद करून, भाताच्या पानाचा खरा डेटा उघडता येतो. दुसरी स्टाफसाठी. दरवर्षी निदान दोन प्रोजेक्ट असे मंजूर करा ज्यांचा एक गाइड आपल्याकडचा आणि एक जवळच्या कृषी महाविद्यालयातला असेल. एक्स्टर्नलला सांगायला उत्तर आपोआप तयार होईल. तिसरी दोघांसाठी. इंडस्ट्रियल व्हिजिटला दरवर्षी त्याच त्या कारखान्यात जाण्यापेक्षा एकदा पुण्याला एनसीएलमध्ये किंवा मुंबईला आयआयटीच्या प्रोटिओमिक्स लॅबमध्ये परवानगी काढून जाऊ. व्हॅक्यूम पंपाचा आवाज कानांनी ऐकला की मेकॅनिकलवाल्यालाही कळेल, हे त्याच्याही ब्रँचचं आहे.

बाबांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. परवा फोनवर विचारलं, यंदा हरभरा किती? म्हणाले, "पेरलाय की दोन एकर. अळी काय, येणारच." घाटे भरायला अजून वेळ आहे. ज्यांना यात खरंच काही करावंसं वाटतंय त्यांनी येत्या रविवारी मेस आटोपल्यावर रीडिंग रूममध्ये या. आपला-आपला लॅपटॉप घेऊन या, आणि बारावीचं बायोलॉजीचं पुस्तक कुणाकडे असेल तर तेही आणा. आमच्यापैकी कुणाकडेच ते नाही.